महागाचे वर्क बूट, त्यांचं चामडं आणि पैसा वसूल होतो का: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा-सांगली पट्ट्यात साईटवर, एमआयडीसीत, पवनचक्कीवर, शेतात काम करणारी पोरं हल्ली इंटरनेटवर अमेरिकन बूट बघतात आणि मग विचारत सुटतात की दादा एवढे पैसे घालू का. तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. माझं मत आधीच सांगतो म्हणजे शेवटपर्यंत वाचायची सक्ती नाय: चामड्याचा दर्जा किमतीबरोबर वाढतो पण एका टप्प्यापर्यंतच, त्याच्यापुढचे पैसे हातकामाचे, नावाचे आणि कस्टमचे असतात.

हे बूट नक्की कुणाला लागतात?

ज्याचे पाय दिवसाचे आठ-दहा तास खडीवर, लोखंडी जाळीवर, शिडीवर किंवा नांगरटीत असतात त्याला. चाळकेवाडी किंवा वनकुसवड्याच्या पठारावर टर्बाईनवर चढणारा माणूस आणि पोवई नाक्यावर रविवारी मिसळ खायला बूट घालून येणारा माणूस यांची गरज एक नाय, पण बूट दोघं एकच बघत असतात. यातल्या दुसऱ्या माणसासारखं बूट आवडला म्हणून घ्यायचा असेल तर खुशाल घ्या, हौसेला मोल नाय, फक्त त्याला गुंतवणूक बिंवणूक म्हणू नका.

फुल ग्रेन, टॉप ग्रेन, जेन्युइन लेदर, स्प्लिट... नेमका फरक काय?

जनावराच्या कातड्याचा सगळ्यात वरचा भाग, जिथं केसांची छिद्रं असतात, तिथले धागे बारीक आणि घट्ट विणलेले असतात. जसजसं खाली जाल तसतसे ते जाड आणि सैल होत जातात. वरचा थर न घासता तसाच ठेवला की फुल ग्रेन. त्यावर डास चावल्याच्या, काटा ओरबाडल्याच्या, कुंपणाच्या तारेच्या खुणा दिसतात आणि तो माल खराब असल्याची निशाणी नाय, उलट वरचा थर शिल्लक असल्याची खूण आहे. खुणा जास्त असल्या की टॅनरीवाले (कातडं कमावणारे कारखाने) तो थर घासून काढतात, वर रंगाचा जाड लेप देतात आणि मशिनने खोटे दाणे उठवतात, त्याला करेक्टेड ग्रेन म्हणतात आणि बाजारात टॉप ग्रेन या नावाने बहुतेक वेळा हेच विकलं जातं. त्याच्याखालचा थर वेगळा काढला की स्प्लिट.

जेन्युइन लेदर असा शिक्का असेल तर एवढंच कळतं की चामडं आहे, कुठल्या थराचं ते काय कळत नाय, आणि ज्याच्याकडे फुल ग्रेन आहे तो फुल ग्रेन असंच छापतो ना. बॉन्डेड लेदर म्हणजे चामड्याचा चुरा गोंदात मिसळून केलेला पत्रा. ते बुटात दिसलं की दुकानातून बाहेर पडा.

एक मात्र सांगतो, स्प्लिट म्हटलं की नाक मुरडायचं असं पण नाय. वेल्डिंगच्या कामाला, म्हणजे ठिणग्या पडणार, पाय घासणार अशा ठिकाणी, जाड स्प्लिट वर्षभर चालतो आणि फाटला तर जीव जळत नाय.

मग रफआऊट म्हणजे स्प्लिटच का? दिसतं तर सारखंच.

नाय. रफआऊट म्हणजे फुल ग्रेन चामडंच, फक्त उलटं लावलेलं, गुळगुळीत बाजू पायाकडे आणि खरबरीत बाजू बाहेर. ओरखडे पडले तरी दिसत नाहीत, पॉलिशची कटकट नाय, आणि मजबूत थर आत सुरक्षित राहतो. खरं काम करणाऱ्याला मी हेच सुचवतो, फोटोत भारी दिसत नाय म्हणून लोक घेत नाहीत. नुबक म्हणजे सरळ बाजूच पण वरून हलकी घासून मखमल केलेली, दिसायला देखणी, आपल्या काळ्या मातीत आठ दिवसांत कळा जाते.

क्रोम टॅन चांगलं की व्हेज टॅन?

कच्चं कातडं कुजू नये म्हणून ते कमवावं लागतं. क्रोममध्ये क्रोमियमचे क्षार वापरतात, काम झटपट होतं, चामडं मऊ राहतं, पाणी आणि उष्णता बऱ्यापैकी सोसतं. व्हेज टॅन म्हणजे झाडाच्या साली, फळं, पानं यांच्यातल्या टॅनिनवर कमावलेलं, त्याला आठवडे लागतात, चामडं कडक आणि भरीव होतं आणि वापरता वापरता पायाचा आकार घेतं, पण तापलं की लवकर आकसतं.

हे काय परदेशी शास्त्र आहे असं समजू नका. जावळी-महाबळेश्वरच्या रानातला हिरडा चामडं कमवायला वापरला जातो, बाभळीची साल पण. आपली कोल्हापुरी चप्पल अशाच चामड्याची, आणि २०१९ ला तिला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला त्यात कोल्हापूर, सोलापूरबरोबर सांगली आणि सातारा जिल्हे पण आहेत, कर्नाटकातले चार जिल्हे वेगळे. तमिळनाडूत तरवडाच्या सालीवर कमावून हिरड्याने फिनिश केलेलं ईस्ट इंडिया लेदर तर इंग्रजांच्या काळापासून बाहेर जातं. एवढं सगळं इथं असून पोरं व्हेज टॅन हा शब्द अमेरिकन व्हिडिओतून शिकतात याची मला गंमत वाटते.

बुटाच्या बाबतीत माझं म्हणणं असं की वरच्या भागाला क्रोम किंवा दोन्ही मिळून केलेलं चामडं आणि आतल्या सोलला व्हेज टॅन, ही जोडी पावसाळी भागाला बेस्ट. नुसत्या व्हेज टॅनचा अप्पर कोरड्या हवेत, माण-खटावकडे, झकास चालेल. कोयनेकडे सतत भिजून वाळून कडक होतो, मग तेल पाजत बसा.

क्रोमएक्सेलचं एवढं कौतुक का असतं?

शिकागोची हॉर्वीन ही १९०५ पासूनची टॅनरी आहे, तिचं हे चामडं. आधी क्रोमने कमावतात, मग झाडाच्या अर्कात पुन्हा कमावतात, मग गरम तेल, चरबी आणि मेण आत मुरवतात. त्यामुळे वाकवलं की रंग फिका पडतो, घासलं की परत येतो, ओरखडा अंगठ्याने चोळला तरी निम्मा जातो. हातात घेतलं की माणूस खलासच होतो, मान्य.

पण कामाच्या बुटाला? मला नाय पटत. ते मऊ आहे, ताणतं, आणि कातड्याच्या पोटाकडचा तुकडा लागला तर पुढच्या घडीवर दुधावरची साय सुरकुतावी तसा दाणा सुटतो. लोक मग बोंबलतात की चाळीस हजाराचा बूट आणि ही अवस्था. चामडं वाईट नाय, जागा चुकली. ऑफिस, प्रवास, थंडीत फिरणं याला क्रोमएक्सेल आणि खडीला दुसरं काहीतरी.

चामड्याची जाडी किती असावी?

अमेरिकन लोक जाडी औंसात सांगतात, एक औंस म्हणजे साधारण ०.४ मिलिमीटर. फॅशन बुटाला दीड मिलिमीटरच्या आसपास असतं, चांगल्या वर्क बुटाला २ ते २.४, आणि अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या स्पोकेन शहरातले कारखाने जे जंगलातली आग विझवणाऱ्यांसाठी बूट करतात ते पार ३ मिलिमीटरपर्यंत जातात. जाडी वाढली की वजन वाढतं, बूट मुरायला वेळ लागतो आणि आपल्या एप्रिल-मे मध्ये पाय उकडून निघतात. मिरजेत उन्हाळ्यात ३ मिलिमीटरचा दहा इंची बूट घालून फिरायला हौस पण तेवढीच जाड लागते. माझ्या मते आपल्याकडे २ च्या आसपास पुरे.

आणि नुसत्या जाडीवर भुलू नका, सैल धाग्याचं ३ मिलिमीटर हे घट्ट धाग्याच्या २ मिलिमीटरपुढे हरतं. पाठीच्या कण्यालगतचं चामडं घट्ट, पोटाचं आणि पायाकडचं सैल. चांगला कारखाना पाठीचा माल पुढच्या भागाला लावतो आणि बाकीचा जिभेला, मानेला. स्वस्त कारखाना जिथं मावेल तिथं कापतो. किमतीतला फरक बराचसा इथंच पडतो आणि हे बॉक्सवर कुठं लिहिलेलं नसतं.

इथल्या सेफ्टी शूजवर "बफ बार्टन" लिहिलेलं असतं ते काय?

बफ म्हणजे म्हशीचं, आणि बार्टन हा वर उठवलेल्या दाण्याचा प्रिंट. म्हणजे वरचा थर घासून, लेप देऊन, छापा मारलेलं म्हशीचं चामडं. म्हशीच्या कातड्याचे धागे गायी-बैलापेक्षा भरड, दाणा ओबडधोबड, पण कातडं जाड आणि घासायला चिवट. कारखान्यातल्या तेलकट फरशीला हा माल ठीक आहे, आणि बाराशे-पंधराशेच्या बुटात अजून काय पाहिजे. अडचण घडीवर येते: लेप आणि चामडं वेगवेगळे वाकतात, लेपाला तडे जातात, आत पाणी शिरतं, आणि वरून प्लास्टिक असल्यामुळे कितीपण तेल लावा आत मुरत नाय.

दुकानात उभं राहून चामडं कसं ओळखायचं?

आधी कापलेली कड शोधा. जिभेची वरची कड, लेसची भोकं, कुठंतरी उघडी कड असतेच. धागे दिसले पाहिजेत, वर चिकटवलेला वेगळा पापुद्रा दिसला की लेप जाड आहे. मध्ये निळसर-राखाडी रेघ दिसली तर क्रोम, आरपार तपकिरी असेल तर बहुतेक व्हेज टॅन, पण काही जण आरपार रंग देतात त्यामुळे यावर पैज लावू नका.

मग अंगठ्याने पुढच्या बाजूला दाबा. बारीक बारीक सुरकुत्या चहूकडे पसरल्या आणि सोडल्यावर गेल्या तर चांगलं. नुसता खळगा पडला तर प्लास्टिकचा थर. पुढचा भाग थोडा वाकवून बघा, घडी बारीक पडली पाहिजे, फुगवटे उठले तर तो तुकडा पोटाचा. दोन्ही बूट शेजारी ठेवून बघा, एकाचा दाणा बारीक आणि दुसऱ्याचा भरड असेल तर कापणाऱ्याने लक्ष दिलं नाय.

वासावर जाऊ नका, वासाचा स्प्रे मिळतो. पाण्याच्या थेंबाची टेस्ट पण अर्धवट आहे, कारण मेण-तेल मुरवलेल्या चांगल्या चामड्यावर पण थेंब तसाच बसतो.

सगळ्यात महत्त्वाचं आणि कुणीच न बघणारं: आत हात घाला आणि टाचेकडची गादी उचला. खाली चामड्याचा सोल आहे की पुठ्ठ्यासारखा दाबलेला कागदी बोर्ड? बाहेर फुल ग्रेन आणि आत पुठ्ठा असे बूट दहा-बारा हजाराला राजरोस विकले जातात. घाम शोषणं, पायाचा साचा घेणं, आणि सोल बदलताना टाका धरून ठेवणं ही सगळी कामं आतला सोल करतो, त्यामुळे मला एकच प्रश्न विचारायची परवानगी असेल तर मी दुकानदाराला तोच विचारीन.

गुडइयर वेल्ट, स्टिचडाऊन, चिकटवलेला सोल... चामडं चांगलं असल्यावर याने काय फरक पडतो?

लय पडतो. चामडं दहा वर्षं टिकणारं आणि सोल नुसता चिकटवलेला, तर बुटाचं आयुष्य सोलएवढंच. चामड्याला घातलेले पैसे पाण्यात.

गुडइयर वेल्टमध्ये वरचं चामडं आणि एक पट्टी (हीच वेल्ट) आतल्या सोलच्या कडेला शिवतात आणि बाहेरचा सोल त्या पट्टीला शिवतात. सोल झिजला की बाहेरची शिलाई उसवायची, नवा सोल शिवायचा, अप्परला धक्का नाय. (नाव चार्ल्स गुडइयरच्या मुलावरून पडलंय, टायर कंपनीने बापाचं नाव घेतलंय, बाकी दोघांचा संबंध नाय.) यात एक कच्चा दुवा असतो, बऱ्याच मशिनच्या कामात आतल्या सोलवर कापडी पट्टी गोंदाने चिकटवलेली असते आणि टाका तिच्यातून जातो. हाताने वेल्ट शिवणारे थेट चामड्यात खाच पाडून टाका घालतात, म्हणून ते महाग. स्टिचडाऊनमध्ये वरचं चामडंच बाहेर वळवून सोलवर शिवतात, पाणी-चिखल आत यायला वाट कमी, आणि अमेरिकेच्या त्या स्पोकेनकडच्या कोपऱ्यातले बहुतेक नावाजलेले वर्क बूट असेच असतात.

खोट्या वेल्टपासून सावध. कडेला झोकात टाके दिसतात पण ते नुसत्या शोभेच्या पट्टीवर, सोल खाली चिकटवलेलाच. बूट उलटा करा, सोलच्या खालच्या बाजूला कडेने खाचेत शिलाई दिसते का बघा.

न वापरता ठेवलेल्या बुटाचा सोल आपोआप भुगा झाला, चामडं मात्र नव्यासारखं. असं कसं?

हा प्रश्न पावसाळा संपला की दरवर्षी येतो. तो पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा सोल. हवेतला ओलावा त्याच्या साखळ्या हळूहळू तोडतो, उष्णता आणि दमट हवा असली की अजून जोरात. बूट वापरला नाय तरी हे चालूच असतं, म्हणून लग्नाला म्हणून ठेवलेला बूट बरोबर लग्नाच्या दिवशी फुटतो. पीयू हलका आणि आरामदायी असतो, त्यात वाद नाय, पण महाग चामड्याखाली पीयू लावलेला बूट मी तरी घेणार नाय. रबर, नायट्राईल रबर, व्हायब्रमचे रबरी सोल यांचा असा भुगा होत नाय. सेलमध्ये पीयू सोलचा जुना स्टॉक स्वस्तात दिसला तर आधी बनवल्याची तारीख बघा.

रेड विंग, व्हाइट्स, निक्स... यातलं कुठलं?

रेड विंग ही कंपनी १९०५ ची, अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या त्याच नावाच्या गावातली. तिची स्वतःची टॅनरी आहे, एस. बी. फूट, ती १८७२ ची आणि रेड विंगने १९८६ ला विकत घेतली. त्यामुळे चामड्याचा दर्जा एकसारखा राहतो. त्यांचा आयर्न रेंजर हा तिथल्या लोखंडाच्या खाणीतल्या कामगारांवरून नाव घेतलेला बूट, पुढे दुहेरी चामडं, गुडइयर वेल्ट, आतला सोल चामड्याचा. तिकडे किंमत साडेतीनशे डॉलरच्या आसपास. या किमतीत चामडं मला खरंच पटतं. मात्र रेड विंगचे सगळेच बूट असे नसतात, हेरिटेज लाईन वेगळी आणि कारखान्यासाठीची वर्क लाईन वेगळी, मॉडेल बघून घ्या.

व्हाइट्स आणि निक्स दोन्ही वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनचे. व्हाइट्सची सुरुवात १८५३ ची, निक्स १९६४ ची. वेस्को शेजारच्या ओरेगॉनची, १९१८ पासून. इथं किंमत पाचशे डॉलरच्या पुढे सुरू होते. चामडं जाड, आतला सोल, मधला सोल, कमानीखालचा आधार सगळं चामड्याचं, बरंचसं हाताने शिवलेलं. व्हाइट्सचा स्मोकजंपर जंगलातल्या वणव्याशी लढणाऱ्यांचा बूट आहे. उंच टाच आणि कमानीला आधार यामुळे शिडीवर उभं राहणाऱ्याला हे बूट सुख देतात, चढाच्या रानात पण. सपाट फरशीवर दिवसभर उभं राहणाऱ्याला तीच टाच नको होते.

आता खरं बोलायचं तर रेड विंगच्या चामड्यापेक्षा व्हाइट्सचं चामडं दुप्पट चांगलं असतं का, तर नाय. जास्त जाड असतं, बांधणी जास्त तगडी असते, आतला सगळा भाग दुरुस्त करता येतो. ते ज्याला लागतं त्याला पैसे वसूल.

भारतात बनलेले घेऊ का बाहेरून मागवू?

चामडं आपल्याकडे कमी नाय. आंबूर, राणीपेट, वाणियंबाडीच्या टॅनऱ्या, कानपूरचं जाजमऊ, कोलकात्याचं बानतला, आग्र्याचे कारखाने. चेन्नईत १९४८ पासून केंद्र सरकारची चामडं संशोधन संस्था आहे. बाहेरच्या ब्रँडांना जो माल जातो तो यातलाच असतो. गुडइयर वेल्ट, फुल ग्रेन, चामड्याचा आतला सोल असे भारतीय बूट साधारण बारा ते वीस हजारात मिळतात आणि आपल्या बहुतेक लोकांसाठी सौदा इथंच संपायला हवा.

बाहेरून मागवला की कस्टम ड्युटी, त्यावर आयजीएसटी, कुरिअरचा खर्च. दर बजेटगणिक बदलतात म्हणून टक्का सांगत नाय, पण तीस हजाराचा बूट घरी येईपर्यंत चाळीस-पन्नासच्या घरात जातो हे धरून चाला. आणि मापाला बसला नाय तर परत पाठवायचा खर्च वेगळा. कुणी नातेवाईक तिकडून येणार असेल तर घालून या म्हणावं.

महाग बूट शेवटी स्वस्त पडतो हे खरं का?

सगळे हे वाक्य म्हणतात म्हणून एकदा हिशोब घालू. अंदाजी आकडे धरतोय. अडीच हजाराचा बूट दरवर्षी नवा, दहा वर्षांत पंचवीस हजार. चौदा हजाराचा वेल्टेड बूट, दहा वर्षांत तीनदा सोल बदलला प्रत्येकी तीन हजाराने, तेल-मेण वर्षाला पाचशे, एकूण अठ्ठावीस हजार. म्हणजे स्वस्त नाय पडला, तीन हजार जास्तच गेले! अमेरिकन बूट पंचेचाळीस हजाराचा धरला तर हाच हिशोब एकोणसाठ हजारावर जातो.

स्वस्त बूट सहा महिन्यांतच फाटत असेल, म्हणजे खडीवरचं किंवा भट्टीजवळचं काम असेल, तर दहा वर्षांत पन्नास हजार जातात आणि मग चौदा हजाराचा बूट जवळपास निम्म्यात पडतो. पंचेचाळीसवाला तरीसुद्धा नाय. बाकी महाग बूट घ्यायचं कारण पाय, गुडघे आणि पाठ, संध्याकाळी घरी आल्यावर ते कळतं. बचतीच्या नावाखाली घरच्यांना पटवू नका, हिशोब बायकोला पण येतो.

कंपनीत सेफ्टी शूज सक्तीचे आहेत, हे बूट चालतील का?

गेटवर आयएसआय मार्क आणि आयएस १५२९८ बघतात, त्याच्या भाग २ मध्ये बोटांवरच्या टोपीने २०० ज्यूलचा आघात सोसला पाहिजे असं आहे. अमेरिकन सेफ्टी बुटावर एएसटीएमचा (तिकडच्या मानकाचा) शिक्का असतो, हेरिटेज बुटाला बहुतेक वेळा टोपीच नसते. सेफ्टी ऑफिसरला आधी विचारा. चामडं कितीपण भारी असलं तरी गर्डर पायावर पडल्यावर चामडं काय करणार.

महाबळेश्वर, कोयना, कासकडच्या पावसात चामड्याचा बूट टिकेल का?

टिकेल, पण कोरडा राहील असं नाय. तेल-मेण मुरवलेलं जाड चामडं आणि स्टिचडाऊन बांधणी दोन-चार तास पाणी थोपवते, दिवसभर धो धो असेल तर पाणी शिरतंच, वरून मांडीवरून पण येतं. गोअर-टेक्सचं, म्हणजे पाणी अडवणारं, अस्तर असलेला बूट मदत करतो, फक्त एकदा आत पाणी गेलं की वाळायला जास्त वेळ घेतो, आणि ते अस्तर फाटलं की दुरुस्ती अवघड.

बूट भिजला तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन-तीन तासांनी बदला, पंख्याखाली आडवा ठेवा. चुलीपाशी नको, हीटर नको, ओट्यावर उन्हात तर अजिबात नको, चामडं आकसून तडकतं. निम्मा-अर्धा वाळला की थोडं कंडिशनर. रोज पावसातलंच काम असेल तर दोन जोड्या आलटून पालटून, त्यापेक्षा मोठी युक्ती कुणाकडे नाय.

द्राक्षाच्या बागेत फवारणीला किंवा काँक्रीटच्या कामाला हेच बूट चालतील?

नाय, आणि हे जरा सिरियसली घ्या. कीटकनाशक चामड्यात मुरतं आणि धुवून निघत नाय, मग तोच बूट रोज पायात घालून औषध रोज अंगाला. फवारणीला रबरी गमबूटच. तासगावकडे मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण मारतात, तो चुना चामड्याला मारतो, कारण टॅनरीत केस काढायला आणि धागे सैल करायला चुनाच तर वापरतात. सिमेंट पण तसंच, क्षारवाला माल, ओलं सिमेंट लागून वाळलं की चामड्यातलं तेल ओढून घेतं आणि घडीवर तडा. काँक्रीटच्या दिवशी गमबूट, बाकी दिवशी चामडं. चुकून उडालंच तर लगेच ओल्या फडक्याने पुसा.

उसाच्या रानातली काळी माती तेवढी वाईट नाय, पण लेप तसाच वाळू दिला तर ती पण तेल ओढते. संध्याकाळी ब्रश मारायचा, बस्स.

कुठलं तेल लावायचं? खोबरेल चालतं का?

खोबरेल थंडीत गोठतं, घडीत पांढरं दिसतं आणि जुनं झालं की वास मारतं. एरंडेल आपल्याकडे चपलांना पिढ्यान् पिढ्या लावतात, चालतं, पण बुटाला चमचाभर पण जास्त होतं, फडक्यावर थेंब थेंब घ्या. तयार कंडिशनर किंवा मधमाशीच्या मेणाचं मलम सगळ्यात बरं, मेण काय आपल्याकडे महाबळेश्वर भागात मिळतंच, तिथलं मांघर तर २०२२ ला मधाचं गाव म्हणून जाहीर झालंय.

नवशिके लोक उपाशी ठेवून नाय, जास्त खाऊ घालून बूट मारतात. दर आठवड्याला तेल पाजलं की चामडं लोळागोळा होतं, घोट्याला आधार राहत नाय, टाके ढिले पडतात. खरं काम असेल तर दोन-तीन महिन्यांतून एकदा, आणि चामडं कोरडं दिसलं तरच. लावायच्या आधी माती साफ, नायतर मातीच आत चोळाल.

पावसाळ्यात बुरशी आली, फेकू का?

नको. घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झाडा, पाणी आणि पांढरं व्हिनेगर समान मिसळून फडक्याने पुसा, सावलीत नीट वाळवा, मग कंडिशनर. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात ठेवला म्हणूनच ती आली. उघड्यावर, हवा लागेल असा ठेवा, आत कागद.

मापाचं काय? ऑनलाइन मागवताना भीती वाटते.

आपल्याकडे यूके नंबर चालतो, अमेरिकन नंबर त्याच्यापेक्षा साधारण एकाने मोठा, म्हणजे इथला ८ तो तिकडचा ९. आयर्न रेंजर मोठा येतो, लोक अर्धा नंबर कमी घेतात. जन्मभर चपलीत वावरलेला पाय पुढून पसरलेला असतो, त्यामुळे लांबीपेक्षा रुंदी जास्त बघा, अमेरिकन डी म्हणजे मध्यम, ई आणि ईई रुंद. रुंद पायासाठी लांब नंबर घेतला की घडी चुकीच्या जागी पडते आणि चामडं तिथंच फाटतं. माप संध्याकाळी घ्या, जाड मोजे घालून, पाय तेव्हा फुगलेला असतो.

मुरायला दोन-तीन आठवडे लागतात. घोट्याला टोचलं तर चालेल, पण बोटं दाबली जात असतील तर फर्माच (ज्या साच्यावर बूट बेततात तो) तुमचा नाय, परत करा.

सोल बदलायला इथं कोण आहे?

टाच बदलणं, सुटलेला टाका, लेसची भोकं, एवढं साताऱ्यात किंवा सांगलीत चांगला मोची करतो. पूर्ण वेल्टचा सोल म्हटलं की मशिन लागतं आणि ते मोठ्या शहरात किंवा बूट बनवणाऱ्या कंपनीकडेच, म्हणून घेतानाच विचारा की सोल बदलून देता का आणि किती घेता. ज्यांचा हात कोल्हापुरीच्या शिलाईवर बसलाय असे जुने कारागीर आरीने वेल्टमधून हाताने टाका घालू शकतात, फक्त सोल तुम्ही आणून द्यावा लागतो आणि घाई करायची नाय. एक पथ्य पाळा, वेल्टची पट्टी झिजायच्या आधी जा. सोल पार आरपार गेला आणि खडी वेल्टला लागायला लागली की तीन हजाराचं काम सहा हजाराला जातं, आणि कधी कधी कारागीर बूट हातात घेऊन उलटसुलट करतो आणि नको म्हणतो.

सेकंड हँड घेऊ का?

घ्या, पण आतून बघा. बाहेरचे ओरखडे तेलाने झाकतात. घडीवर तडा आरपार असेल तर सोडून द्या, तडा भरून येत नाय. टाचेच्या आतलं चामडं फाटलं असेल तर दुरुस्त होतं. आतल्या सोलवर आधीच्या माणसाच्या बोटांचे खड्डे खोल असतील तर तो बूट त्याचाच राहणार, तुमच्या पायाला कधीच बसणार नाय, मग दोन हजारात मिळाला तरी महाग.